शिदोरीचा शेजार

लांबच्या प्रवासास निघताना गाडीची वेळ, तिकिटे, सामानाचे नग आणि उतरल्यावरच्या मुक्कामाचा बंदोबस्त यांची जितकी चिंता आपण वाहतो, तिच्या शतांशानेही, ज्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून आपण शिदोरी सोडणार आहोत त्या अपरिचित माणसांची वाहत नाही. आणि हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नसून, माझ्याच हातून घडलेल्या एका कसुरीची आठवण बुजत नाही म्हणून लिहीत आहे.

मुंबईहून रात्री सुटून बिहारकडे जाणाऱ्या एका गाडीच्या वातानुकूलित थ्री टियर डब्यात माझ्या समोरच्या बाकावर एक मध्यमवयीन जोडपे होते. बाईंनी डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतला होता, यजमानांच्या मांडीवर तपासण्यांच्या कागदांनी फुगलेली पिशवी होती, आणि परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील केमोथेरपीचे एक आवर्तन आटोपून ती दोघे गावी परतत आहेत, एवढे सकाळच्या चहाच्या वेळी मला त्यांच्या बोलण्यावरून कळले होते. कळले, पण उमगले नाही. दुपारी इटारसी मागे पडल्यावर मी डबा उघडला. ज्वारीच्या भाकऱ्या, कोरडा झुणका, आणि निघण्यापूर्वी खलबत्त्यात कुटलेली लसणीची चटणी. झाकण निघताक्षणी तिचा वास त्या बंदिस्त जागेत असा पसरला की बाईंनी पदर तोंडाशी नेला, यजमान काही न बोलता उठले, त्यांना धरून घेऊन गेले, आणि पुढचा जवळजवळ तासभर ती आजारी बाई, स्वतःचा बाक सोडून, डब्याच्या टोकाशी हात धुण्याच्या जागेजवळ भिंतीला टेकून उभी राहिली. दोघांपैकी कोणीही तक्रारीचा एक शब्द काढला नाही. काढला असता तर मला क्षमा तरी मागता आली असती.

आपल्या प्रवासी शिदोरीचे शास्त्र ज्या काळात सिद्ध झाले, त्या काळी गाडीच्या खिडक्या उघड्या असत, वारा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने निघून जाई, आणि कोणाच्या डब्यात काय आहे हे पुढच्या स्टेशनापर्यंत कोणाच्या लक्षातही राहत नसे. आज वातानुकूलित डब्यात 70 च्या आसपास माणसे रात्रंदिवस एकत्र असतात, काचा जाम बंद असतात, आणि बहुतांशी तीच हवा पुन्हा पुन्हा गार होऊन फिरत राहते. लसूण अखंड असते तेव्हा तिचा वास बेताचा असतो. ठेचली की तिच्या पेशी फुटून गंधकयुक्त द्रव्ये मोकळी होतात, आणि माझ्या खलबत्त्याने जे काम घरी केले होते त्याचे फळ त्या बाईंना इटारसीच्या पुढे भोगावे लागले. केमोथेरपी घेणाऱ्या माणसाला, गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांतील स्त्रीला किंवा अर्धशिशीने डोके धरून पडलेल्या मुलीला अन्नाचा उग्र वास नुसता नावडता नसतो. तो पोट ढवळून काढतो. ज्या अर्थी रेल्वेने कर्करोगाच्या रुग्णांसाठी भाड्यात सवलतीची तरतूद करून ठेवली आहे, त्या अर्थी असे रुग्ण नित्य या गाड्यांतून जात-येत आहेत, हे निदान मुंबईहून निघणाऱ्या माणसाने तरी गृहीत धरून चालले पाहिजे.

परंतु येथे एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे, कारण दुसऱ्याच्या अन्नापुढे नाक मुरडण्याचा आपल्या देशातील इतिहास निर्मळ नाही. स्वातंत्र्यापूर्वी आपल्या स्टेशनांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा आरोळ्या देत निरनिराळे पाणीवाले फिरत असत. त्याहूनही जिव्हारी लागणारी हकीकत साताऱ्याकडची आहे. 1901 साली बाळ भीमराव घरच्या इतर मुलांबरोबर वडिलांना भेटण्यासाठी कोरेगावास निघाला असता, मसूरच्या स्टेशनावर ही मुले महाराची आहेत असे कळताच स्टेशनमास्तरांची मुद्रा पालटली, गाडीवाले त्यांना गाडीत घेण्यास राजी होईनात, आणि अखेर भाडे दुप्पट देऊन मिळालेल्या बैलगाडीतून जाताना, शिदोरी भरपूर बरोबर असूनही, पाणी कोणी देईना म्हणून त्या मुलांना भुकेल्या पोटी रात्र काढावी लागली. डॉ. आंबेडकरांनी पुढे ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. ज्या समाजात हे घडले, त्या समाजात ‘तुमच्या जेवणाचा आम्हांला त्रास होतो’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी प्रत्येकाने आपला त्रास नाकाला होतो आहे की मनाला, याची झडती घेतली पाहिजे.

मी ती घेतली, आणि मला असे दिसले की सामिष-निरामिष हा भेद या प्रश्नात फारसा कामाचा नाही. पिकलेल्या फणसाचे गरे, मुळ्याची भाजी, लसूण, कच्चा कांदा हे सारे निरामिष आहे, आणि बंद डब्यात यांपैकी एकेक पदार्थ सुक्या बोंबलांच्या बरोबरीने उभा राहील. उलटपक्षी, ज्या उकडलेल्या अंड्याला पाहून शेजारचे लोक कपाळाला आठ्या घालतात, त्याचा दोष बहुधा अंड्याचा नसून उकडण्याचा असतो. ते फार वेळ उकळत ठेवले म्हणजे त्याच्या पांढऱ्या भागातील गंधक मोकळा होऊन बलकाभोवती हिरवट कडे धरते व तो ओळखीचा वास येतो. तेच वेळेवर उतरवून लगेच गार पाण्यात टाकले, घरीच सोलून घट्ट झाकणाच्या डब्यात आणले, तर ते कोणाला कळणारही नाही आणि टरफलांचा कचराही होणार नाही. कोकणातून परतणारा चाकरमानी सुकट-बोंबील मुंबईस नेतो, तो त्याचा हक्क आहे आणि त्याच्या घरच्या वर्षभराच्या जेवणाची बेगमी आहे. ते नीट बांधून, झाकण घट्ट लावून बाकाखाली ठेवावे, एवढेच त्याच्याकडे मागणे रास्त ठरेल. त्यापुढे जाऊन त्याचे गाठोडे बाहेर ठेवण्यास सांगणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

प्रवासात अन्न कसे निवडावे, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत उदात्त उदाहरण आपल्याच मराठवाड्यातून जाते. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्सप्रेसच्या प्रवाशांना वाटेतील कित्येक स्टेशनांवर शीख भाविक विनामूल्य लंगर वाढतात. जाणते प्रवासी घरून थाळ्या-वाट्या घेऊनच निघतात, आणि कढी, भात, डाळ, छोले असे जे काही फलाटावर येते ते गोरगरिबांपासून वरच्या दर्जाच्या डब्यांतील मंडळींपर्यंत सर्व जण खातात. वाढणाऱ्यांच्या स्वतःच्या घरी मांसाहार वर्ज्य असतोच असे नाही, तरीही लंगरात निरामिषच शिजते, कारण तेथे कोणत्याही धर्माच्या वा जातीच्या मनुष्याला निःशंकपणे घास घेता आला पाहिजे. कोणाला दूर ठेवण्यासाठी काही वर्ज्य करणे निराळे आणि कोणी दूर राहू नये म्हणून वर्ज्य करणे निराळे. माझ्या चटणीचा विचार मी या दुसऱ्या अर्थाने करू लागलो आहे.

आणि खरे सांगायचे तर, या बाबतीत आपल्याला कोणाकडून उसने काही आणावयाचे नाही, इतकी समृद्ध तरतूद मराठी घरांत आधीपासून आहे. पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवून केलेली दशमी दोन दिवस मऊ राहते, तिला वास असतो तो दुधाचा आणि गव्हाचा, आणि ती नुसती, गुळाबरोबर किंवा शेंगदाण्याच्या कोरड्या चटणीबरोबर (लसूण वगळून ती उत्तम होते, हे मी आता करून पाहिले आहे) खाता येते. तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळी, साटोऱ्या, रव्याचे लाडू, मेथीचे धपाटे, मेतकूट लावलेले पोहे: यांतील एकही पदार्थ ओघळत नाही, गाडीच्या हिसक्याने शेजाऱ्याच्या धोतरावर सांडत नाही, हाडे किंवा साली मागे ठेवीत नाही. दूध घालून विरजलेला दहीभात दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत आंबत नाही. आमच्या घरी आजी हे सर्व पितळी डब्यात भरी, वर फडके बांधी आणि फिरकीचा तांब्या हाती देई; तिने नाकाचा विचार केला होता की टिकण्याचा, ते मला सांगता येणार नाही, परंतु तिच्या डब्याने कोणाला उठून जावे लागल्याचे मला स्मरत नाही. फळांत केळे सर्वांत सोज्वळ. संत्र्याचा सुगंध बहुतेकांना प्रिय असला तरी सालींसाठी पिशवी हवीच, कारण बाकाखाली पडलेले अन्न रात्री झुरळांना आणि उंदरांना आमंत्रण देते, आणि खालच्या बाकावर निजणारा मनुष्य ते सोसतो.

वेळेचेही असेच. रात्री 10 ते सकाळी 6 हा मधला बाक उघडून निजण्याचा अवधी रेल्वेने ठरवून दिला आहे. त्या अवधीत दिवा लावून चिवड्याच्या पुड्या फोडणे मला आता जमणार नाही. आग्रहाची आपली जुनी रीतही गाडीत आवरती घ्यावी लागते. अनोळखी माणसाकडून खाद्यपदार्थ घेऊ नका असे रेल्वेच स्टेशनांवर बजावीत असते, आणि गुंगीचे औषध देऊन लुटल्याच्या वार्ता आपण वाचतो. तेव्हा पुढे केलेला लाडू कोणी नाकारला तर त्यात अपमान मानू नये, एकदा विचारावे आणि थांबावे. मात्र समोर एखादे मूल टक लावून बसले असेल तर त्याच्या आईला विचारल्यावाचून घास तोंडात घालू नये, हा आमच्या आजीचा दंडक मी अजून पाळतो.

त्या दिवशी संध्याकाळी, सतन्याच्या सुमारास, मी माझा दुसरा डबा काढला. चटणीचा डबा दोन पिशव्यांत गुंडाळून सामानाच्या तळाशी गेला होता. मोडक्यातोडक्या हिंदीत मी यजमानांना सांगितले की या दशम्या आहेत, यांत गव्हाचे पीठ, दूध आणि किंचित गूळ आहे, कांदा-लसूण काही नाही. आणि त्यांच्या देखत एक मोडून आधी स्वतः खाल्ली. त्यांनी पत्नीकडे पाहिले. बाईंनी पदराखालून हात पुढे केला, दशमी घेतली, आधी नाकाशी नेली, बराच वेळ तशीच धरून ठेवली, आणि मग तिच्या कडेचा एक लहानसा तुकडा मोडला.