राजवाड्यातली खोली आणि कापसाचा भाव



राजस्थानात जोधपूरला उम्मेदभवन नावाचा राजवाडा आहे. एका भागात राजघराणे राहते, एका भागात संग्रहालय आहे आणि बाकी पंचतारांकित हॉटेल. हंगामात तिथल्या एका रात्रीचे भाडे पन्नास हजारांच्या पुढे जाते. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव आहे क्विंटलला 8,110 रुपये. म्हणजे एका रात्रीच्या झोपेला सहा क्विंटलांवर कापूस. कोरडवाहू एकरात चार-पाच क्विंटल पिकला तरी आपण गावात ताठ मानेने फिरतो.

हा वाडा बांधला कुणी? आपल्यासारख्यांनीच. मारवाडात पावसाने पाठ फिरवली, लोकांच्या पोटाला काम हवे होते, म्हणून महाराजा उम्मेदसिंहांनी 1929 साली दुष्काळी काम काढले. दोन-तीन हजार माणसे राबली. काम 1943 पर्यंत चालले, खोल्या झाल्या 347. आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात आयाबायांनी खडी फोडली, तशीच ती दगड वाहणारी माणसे. फरक इतकाच की आपल्या खडीचे रस्ते दोन पावसाळ्यांत वाहून गेले, त्यांचा वाडा अजून उभा आहे.

श्रीमंतांच्या चैनीवर दात-ओठ खाण्यासाठी हे लिहीत नाही. ते काम शहरातले पुढारी करतात, तेही अशाच हॉटेलात बसून. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याने खुशाल राजवाड्यात झोपावे. आपले भांडण गादीशी नाही, भावाशी आहे.

हॉटेलच्या खोलीचा भाव कोण ठरवतो? मालक ठरवतो. थंडी पडली, लग्नसराई आली की चढवतो. उन्हाळ्यात गिऱ्हाईक नसले की उतरवतो. 19 नोव्हेंबर 2023 ला अहमदाबादेत क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. तिथल्या हॉटेलांचे भाडे कैक पटींनी चढले. त्या दिवशी एखादा मंत्री "ग्राहक मेला" म्हणून धावत आला का? खोल्या परदेशातून आयात करता येत नाहीत, हे हॉटेलवाल्यांचे नशीब! भाडे चढले, लोकांनी मोजले, मालकाने चार पैसे गाठीला बांधले. आम्ही म्हणतो, बरोबर केले.

आता कापसाकडे वळा. 2010 च्या एप्रिलात निर्यात रोखली. 2012 च्या मार्चमध्ये पुन्हा बंदी घातली. 2025 मध्ये 19 ऑगस्टपासून आयातीवरचे 11 टक्के शुल्क माफ केले. आधी 30 सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग 31 डिसेंबरपर्यंत वाढवले. ही तारीख नीट पाहा. पहिली वेचणी घरात येते, सावकाराचे आणि दुकानदाराचे देणे डोक्यावर असते, कापूस ठेवून घ्यायची कुणाची ताकद नसते, नेमके तेच हे महिने. हॉटेलवाल्याच्या ऐन हंगामात सरकारने शेजारी फुकटची धर्मशाळा उघडली असती, तर त्याने काय केले असते?

करांचेही तेच. 2019 साली गोव्यात जीएसटी परिषद बसली आणि 7,500 रुपयांवरच्या खोलीचा कर 28 टक्क्यांवरून 18 वर आला. 22 सप्टेंबर 2025 पासून त्याखालच्या खोलीला 12 चे 5 टक्के झाले. आणि बोंडअळीवर फवारायच्या रासायनिक औषधाच्या बाटलीला? 18 टक्के. राजवाड्यातल्या शाही खोलीला जो कर, तोच आपल्या पाठीवरच्या पंपातल्या औषधाला! व्यापारी भरलेल्या कराची वजावट घेतो. शेतकऱ्याने भरलेला कर पिकाच्या भावात वसूल होत नाही, तो घरातून जातो. खोली स्वस्त केली तर पर्यटन वाढेल, असे म्हणतात. औषध स्वस्त केले तर काय वाढेल, हे कुणी विचारतच नाही.

अशा हॉटेलांच्या ताटात हल्ली आपली ज्वारीही दिसते. 2023 हे भरड धान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले आणि भाकरीला 'मिलेट' हे इंग्रजी नाव मिळाले. जी भाकरी खातो म्हणून आपल्याला अडाणी ठरवले, तीच आता चांदीच्या वाटीशेजारी बसली. आनंद आहे. पण संकरित ज्वारीचा हमीभाव 2025-26 साठी 3,699 रुपयेच आहे, आणि मोंढ्यात आपली ज्वारी कितीला गेली ते ज्याचे त्याला ठाऊक.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने दोन कागद आणायचे आहेत. कापूस विकल्याची पट्टी आणि औषधाच्या दुकानाचे बिल. बिलावर कराची ओळ असते, ती लाल पेन्सिलीने अधोरेखित करून आणा. बिल दिले नसेल तर आधी दुकानात जाऊन मागा, हक्काने.