एमएसच्या परीक्षेत हात कोण तपासणार?

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक



आपल्या विद्यापीठाच्या एमएस जनरल सर्जरीच्या परीक्षेला मी बरीच वर्षं परीक्षक म्हणून गेलो आहे. चार लेखी पेपर, एक लाँग केस, शॉर्ट केसेस, मग टेबलावर मांडलेली इन्स्ट्रुमेंट्स, बरणीतले नमुने, एक्स-रे आणि तोंडी परीक्षा. थायरॉइडच्या मागची नस नेमकी कुठे सापडते, कर्करोगाच्या टप्प्यांचं ताजं वर्गीकरण काय, हे सगळं आम्ही खोदून खोदून विचारतो. उमेदवाराला ऑपरेशन करता येतं का, एवढं मात्र पाहत नाही.

लॉगबुक असतं, असं कोणी म्हणेल. असतं ना. ते आम्ही चाळतो, सही करतो. तीन वर्षांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत उतरवलेल्या दिसल्या तरी सही करतो, कारण खाली विभागप्रमुखांची सही आधीच असते. आणि केसेस म्हणाल तर परीक्षेला बोलावलेला रुग्ण आमच्याइतकाच अनुभवी झालेला असतो. एका आजोबांनी उमेदवाराला हळूच सांगितलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, "डाव्या बाजूचं पण बघा, सकाळचा पोरगा तिथंच चुकला."

निकाल लागतो, पदवी मिळते, आणि बाँडवर हा तरुण एखाद्या उपजिल्हा रुग्णालयात रुजू होतो. आता रात्रीचा अडकलेला हर्निया येतो. शेतात राबणारा माणूस, दोन दिवस गाठ आत जात नाही म्हणून घरीच शेकत बसलेला, उलट्यांनी सुकून गेलेला. पाठीत भूल दिली आहे, म्हणजे तो जागा आहे आणि पडद्याआडून सगळं ऐकतो आहे. सॅक उघडली की आधी काळपट पाणी येतं. आवळून धरणारी कडी कापायच्या आधी आतडं बोटांत धरून ठेवावं लागतं, नाहीतर ते पोटात निसटतं आणि आत काय गेलं याचा पत्ता लागत नाही. कडी सुटली की आतडं कोमट सलाईनच्या मॉपमध्ये गुंडाळायचं, भूलतज्ज्ञाला ऑक्सिजन वाढवायला सांगायचं आणि थांबायचं. जांभळा रंग पालटतो का, चकाकी येते का, हलकेच चिमटलं की लाट सरकते का, मेसेंटरीत ठोका लागतो का. मग ठरवायचं, आतडं परत आत सोडायचं की तेवढा तुकडा काढून जोडायचं. आत सोडलं आणि ते मेलेलं निघालं तर चौथ्या दिवशी पोटभर पू. उगाच कापलं तर नसती जोडणी, नसता धोका. पुस्तकात याला चार ओळी आहेत. प्रत्यक्षात हे कोणीतरी शेजारी उभं राहून, "अजून थांब, घाई करू नको," असं म्हणत शिकवावं लागतं. ज्याला ते शिकवलं गेलं नाही, तो केसपेपरवर 'रेफर' लिहितो आणि १०८ बोलावतो. मी त्याला दोष देत नाही. आपण त्याला जे दिलं नाही ते तो कुठून आणणार?

त्याच्या मोठ्या कॉलेजमधल्या ओटीत काय चालतं तेही बघा. १९९० साली डॉ. तेहेमतन उदवाडियांनी जे.जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. देशातली ती पहिली अशी शस्त्रक्रिया, आणि तीही सरकारी रुग्णालयात. हे तंत्र गरिबाच्या अधिक कामाचं, कारण तो लवकर कामावर परततो, हा त्यांचा आग्रह होता आणि तो खराच आहे. पण या तंत्राचा शिक्षणावर झालेला परिणाम कोणी मोजला नाही. उघड्या पोटात चार हात असतात. दुसऱ्या बाजूचा हात काहीतरी धरतो, कापतो, गाठ मारतो, रोज थोडा थोडा बसतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये करणारा बहुतेक वेळा एकच, बाकीचे पडद्याकडे बघणारे. तीन वर्षं कॅमेरा धरून एमएस झालेली मुलं मला माहीत आहेत. ती हुशार आहेत, व्हिडिओ तोंडपाठ आहेत. पित्ताशय पोट उघडून काढायची वेळ आली की त्यांचा चेहरा उतरतो. आणि जिथे ती बाँडवर जातात तिथे दुर्बीण असतेच असं नाही. असली तर सिलिंडर संपलेला असतो.

दुसरी गोष्ट बोलण्याची. "माणूस हाती लागेल ना, डॉक्टर?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे आपण कुठल्याच पेपरात विचारत नाही. संमतीपत्रावर अंगठा घेण्याचं काम सर्वांत ज्युनिअर रेसिडेंटकडे, तेही रुग्ण ट्रॉलीवर चढल्यावर. इंग्रजी छापील कागद, खाली निळा अंगठा. स्टोमा म्हणजे काय, पोटावर पिशवी का लावावी लागेल, ती कायमची की तात्पुरती, हे एखाद्या बाईला तिच्या बोलीत, तिचा नवरा आणि दीर समोर असताना सांगता येणं ही सर्जरीच आहे. ऑपरेशन कोण करणार हेही सांगायला हवं. सरकारी रुग्णालयातला गरीब माणूस आपलं शरीर आमच्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी देतो आणि बहुतेक वेळा त्याला ते ठाऊक नसतं. "हे डॉक्टर करतील, मी शेजारी उभा असेन," असं सांगितल्यावर रुग्ण नाही म्हणतात ही समजूत खोटी आहे. माझ्या वॉर्डात नकार फार क्वचित आले. नकार येतो तो लपवल्याचं नंतर कळलं की, आणि मग तो कॅज्युअल्टीच्या काचांवर निघतो.

एमबीबीएसनंतरच्या प्रवेशपरीक्षेबद्दल मी तुमच्याकडे तक्रार करत नाही, ती दिल्लीची बाब आहे. २०० बहुपर्यायी प्रश्न, साडेतीन तास, आणि २०२३ मध्ये तर पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. तिच्या धाकाने इंटर्न वॉर्ड सोडून अभ्यासिकेत बसतो, हे तुम्हीही बघताच. रेसिडेंटच्या कामाच्या तासांचंही तसंच. १९९२ च्या केंद्रीय निर्देशात सलग बारा तासांची मर्यादा आहे, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत 'वाजवी तास' आहेत, आणि वॉर्डात छत्तीस तासांची ड्युटी आहे. झोपेने डोळे मिटणाऱ्या मुलाच्या हातात आपण सुरी देतो.

पण एमएसची परीक्षा तुमची आहे आणि पदव्युत्तर शिक्षकांना मान्यताही तुम्हीच देता. म्हणून हे पत्र नाशिकला.

शिक्षक कुठे आहेत, हे विचाराल तर ते जिल्ह्यांत आहेत. आयोगाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जिल्हा रुग्णालयात तीन महिने सक्तीचे केले, फार चांगलं केलं. मात्र अनेक विभागांत ते तीन महिने म्हणजे प्रबंधासाठी मिळालेली सुट्टी समजतात. जिल्ह्याच्या सर्जनला ना विद्यापीठाची मान्यता, ना त्याच्या शेऱ्याला गुण. खरं तर सीझरपासून फुटलेल्या अल्सरपर्यंत सगळं हाताळलेला तोच. प्रबंधाचं म्हणाल, तर 'पन्नास रुग्णांचा अभ्यास' या साच्यातले गठ्ठे आपल्या ग्रंथालयांत धूळ खात आहेत. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्यात डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियाच्या जाळीसाठी वापरलं आणि २००३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे युगांडात अशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली. २०१६ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत वर्षभराअखेर दोन्हींत लक्षणीय फरक नव्हता. दोंडाईच्याच्या ओटीत निघालेला प्रश्न होता तो. आपल्या किती प्रबंधांचा प्रश्न वॉर्डातून निघतो?

आणि सक्तीच्या सेवेबद्दल. आपल्याकडे बाँड मोडण्याची किंमत पदव्युत्तरांसाठी ५० लाखांपर्यंत आहे, म्हणजे सेवेला आपण दंडाची पावती जोडली. आपल्याशीच संलग्न असलेल्या, १९६९ मध्ये सुरू झालेल्या सेवाग्रामच्या कॉलेजाची रीत निराळी आहे. तिथे पहिल्याच वर्षी मुलं गावात राहायला जातात, आणि तिथल्या पदव्युत्तर प्रवेशाआधी दोन वर्षांची ग्रामीण सेवा हा वर्षानुवर्षं पात्रतेचाच भाग राहिला आहे. सगळेच तिथून गांधीवादी होऊन बाहेर पडतात असं नाही. पण रात्री एकटं पडल्यावर काय करायचं, हे त्यांना पदव्युत्तर व्हायच्या आधी कळलेलं असतं.

माझी मागणी एवढीच आहे. तिसऱ्या वर्षात प्रत्येक विद्यार्थ्याच्या हर्निया, अपेंडिक्स, आतड्याची जोडणी अशा पाच नेहमीच्या शस्त्रक्रिया, त्याच्याच ओटीत, रुग्णाला नीट सांगून, बाहेरच्या परीक्षकाने सुरुवातीपासून टाके घालेपर्यंत पाहाव्यात. परीक्षेच्या दिवशी थेट ऑपरेशन नको. घाबरलेल्या उमेदवारापुढे रुग्ण ठेवणं हा अन्याय होईल. नातेवाइकांशी तो काय बोलतो तेही त्या परीक्षकाने ऐकावं. त्यातलं एक मूल्यमापन जिल्हा रुग्णालयात व्हावं, आणि दहा वर्षं जिल्ह्यात काढलेल्या सर्जनला त्यासाठी मान्यता द्यावी. ब्रिटनमध्ये एकेका शस्त्रक्रियेचं असं टप्प्याटप्प्याने लेखी मूल्यमापन कधीपासूनच होतं, त्यामुळे हे अशक्य आहे असं कोणी सांगू नये.

'परीक्षक कमी आहेत' हे उत्तर येईल, याचा मला अंदाज आहे. राज्यभरात माझ्यासारखे निवृत्त सर्जन आहेत. हात थरथरायला लागले म्हणून सुरी ठेवली असेल, पण डोळे शाबूत आहेत. आमची यादी तुमच्या परीक्षा विभागाने मागवावी. मानधनाचा प्रश्न नंतर बघू, एसटीचं तिकीट मात्र द्या.

आपला,
एक निवृत्त सर्जन

प्रत माहितीसाठी: वैद्यकीय शिक्षण व संशोधन संचालनालय, मुंबई