जुनी बँक-वास्तू : पाडावी की सावरावी?



आपले बाभुळगाव यवतमाळ-धामणगाव मार्गावर वसले आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई-नागपूर लोहमार्ग धामणगावावरून गेला आणि यवतमाळ परिसरातील कापसाच्या गाड्या याच रस्त्याने स्थानकाकडे जाऊ लागल्या. कापसापाठोपाठ पैशाची उलाढाल वाढली; आधी पेढी व हुंडी, मग बँक असा तिचा क्रम राहिला.

कापूस आणि बँक यांचे नाते नेहमीच सुखाचे नव्हते. १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळातील (१८६१-६५) कापसाच्या तेजीत आणि त्यातून उसळलेल्या सट्ट्यात सापडली. १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली व त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. १९२१ मध्ये तीन प्रांतिक बँकांच्या विलीनीकरणातून इंपीरियल बँक आणि १ जुलै १९५५ रोजी तिची स्टेट बँक झाली. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर शाखा लहान गावांपर्यंत पोहोचल्या.

या शाखांना स्वतःच्या इमारती क्वचितच असत. व्यापाऱ्यांचे वाडे व पेढ्या भाड्याने घेतल्या जात. ओसरीवर काउंटर येई, आतल्या खोलीची तिजोरी-खोली होई. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असत. एकट्याला ती उघडता येत नसे.

आज बँका नव्या जागांत जात आहेत आणि रिकाम्या वास्तू मालकांकडे परतत आहेत. वारसांपुढे प्रश्न उभा राहतो : पाडून गाळे काढावेत की दुरुस्ती करावी? उत्पन्नाचा विचार गैर नाही; परंतु निर्णयापूर्वी जाणकार अभियंत्याकडून तपासणी अवश्य करून घ्यावी. पुष्कळदा भिंत जीर्ण नसते, तिला ओल लागलेली असते. चुन्यात बांधलेली भिंत ओलावा शोषते व बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि विटा भुरभुरतात. म्हणून प्रथम छप्पर, पन्हाळी व जोत्याजवळ साचणारे पाणी पाहावे. सिमेंट जपून काढून मुरविलेल्या चुन्याचा, सुरखी-वाळूचा गिलावा करावा. वाळवीने खाल्लेल्या तुळईचा तेवढाच भाग सागवानाने बदलावा. काम सुरू होण्याआधी मोजमापे व छायाचित्रे घ्यावीत.

अशी दुरुस्ती सावकाश होते आणि तिला कुशल कारागीर लागतो, हे खरे. मात्र सावरलेल्या वास्तूत वाचनालय, दवाखाना किंवा पतसंस्थेचे कार्यालय चालू शकते आणि भाडेही मिळते. शेतकऱ्याने पहिले पीककर्ज जेथे घेतले, विधवा भगिनीने पहिले बचतखाते जेथे उघडले, ती जागा गावाच्या ओळखीची असते. ज्या कुटुंबांकडे अशा वास्तू आहेत, त्यांनी भाडेकरार, जुने नकाशे व छायाचित्रे रद्दीत न घालता एका फाइलीत लावून ठेवावीत. पुढे दुरुस्ती करणाऱ्याला त्यांचाच मोठा आधार होईल.