पिंपाच्या तळाचे औषध

गेल्या हिवाळ्यात वहिनींकडे गेलो होतो. ओट्यावर मेतकुटाच्या बरणीशेजारी एक नवी बरणी दिसली. आत बदामी रंगाची भुकटी. मेतकूटच असेल म्हणून मी झाकण उघडले आणि लगेच लावले. ओल्या पोत्यासारखा उग्र, किंचित आंबूस वास होता.

"हे काय हो, वहिनी?"

"यीस्ट आहे, भाऊजी. ब्रूअर्स यीस्ट. थकवा जातो म्हणे. केस गळायचे थांबतात. साखरही खाली येते."

धरमपेठेतल्या एका दुकानातून साडेआठशे रुपयांना ती बरणी आली होती. दुकानदाराने सोबत एक रंगीत पत्रक दिले होते. त्यात त्वचेपासून स्मरणशक्तीपर्यंत सगळ्या तक्रारींची यादी होती आणि प्रत्येकीपुढे उपाय एकच होता. मला खोडी काढण्याची जुनी सवय. म्हटले, "वहिनी, बिअर तयार झाली की पिंपाच्या तळाशी जो गाळ उरतो ना, तो वाळवला की हे होतं."

वहिनींनी हातातला चमचा खाली ठेवला. "काय बाप्पा सांगता! मी तर एकादशीलासुद्धा दुधातून घेतलं!"

त्यांची समजूत घालायला मला अर्धा तास लागला. यीस्ट म्हणजे दारू नव्हे. तो एकपेशीय सूक्ष्मजीव. सातूच्या किंवा जवाच्या गोड पाण्यातली साखर खाऊन तो मद्यार्क तयार करतो आणि काम झाले की तळाशी बसतो. तो धुऊन, कडवटपणा काढून, उष्णतेने मारून वाळवला की ही भुकटी होते. दारूचा थेंबही तिच्यात उरत नाही. उरतो तो त्या पेशींचा ऐवज. सुक्या भुकटीत वजनाच्या निम्म्याच्या आसपास प्रथिने आणि 'ब' गटातली बहुतेक जीवनसत्त्वे. 'बहुतेक' या शब्दाकडे लक्ष ठेवा, त्याच्यावरूनच पुढे सगळे रामायण घडले.

पण त्या दिवशी हसून झाल्यावर मला थोडी शरमही वाटली. कारण ज्या गाळाची मी थट्टा केली, त्याचे आपल्या आयाबहिणींवर मोठे ऋण आहे, आणि ते ऋण आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईतल्या परळला जन्माला आले आहे.

१९२८ साली ल्युसी विल्स नावाची चाळिशीची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिला काम दिले गेले ते गरोदर बायकांच्या एका विचित्र पंडुरोगाचा छडा लावण्याचे. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या, चाळींत राहणाऱ्या बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत, धापा टाकत आणि त्यांतल्या कित्येक बाळंतपणाआधी किंवा नंतर दगावत. नेहमीच्या, लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या पंडुरोगात रक्तातल्या तांबड्या पेशी लहान होतात. या बायकांच्या पेशी उलट फुगून मोठ्या झालेल्या दिसत, पण संख्येने फार थोड्या.

विल्सबाईंनी आधी जंतू शोधले असतील, असे आपल्याला वाटते. त्यांनी त्याचबरोबर बायकांची ताटेही पाहिली. कोणत्या थरातल्या, कोणत्या समाजातल्या बायका काय खातात आणि कोणाला हा आजार जास्त होतो, याचा त्यांनी मेळ घातला. सगळ्यांत निकृष्ट आहार गरीब मुसलमान बायकांचा निघाला आणि सगळ्यांत जास्त आजारही त्यांच्यातच. मुंबईनंतर कुन्नूर आणि मद्रास येथे त्यांचे काम चालू राहिले. मुंबईच्या गरीब बाईच्या जेवणासारखे जेवण प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना देऊन पाहिले. अशाच निकृष्ट आहारावर आजारी पडलेल्या माकडाला यीस्टचा अर्क दिला आणि ते सुधारले.

हा अर्क म्हणजे मार्माइट. इंग्लंडातल्या बर्टन या बिअरच्या गावी १९०२ पासून तिथल्या भट्ट्यांच्या उरलेल्या गाळापासून तो बनत होता. काकवीसारखा काळसर, दाट आणि खारट. इंग्रज तो पावाला लावून खातात आणि त्यांच्यातही तो आवडणारे आणि न आवडणारे असे दोन तट आहेत. विल्सबाईंनी तो आजारी बायकांना दिला. काही दिवसांतच त्यांची भूक परतली, रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्या काळी असल्या पंडुरोगावर यकृताचा अर्क हे औषध होते. ते महाग, आणि आपल्याकडे कितीजणींना चालणार? त्या मानाने भट्टीचा गाळ स्वस्त होता. पुढे असेही दिसले की चांगला शुद्ध केलेला यकृताचा अर्क या बायकांना लागू पडत नाही, मार्माइट मात्र पडतो. म्हणजे यीस्टमध्ये काहीतरी वेगळेच होते. ते काय, हे कळेपर्यंत त्याला 'विल्स घटक' म्हणत.

त्याचे नाव १९४१ साली ठरले. अमेरिकेत संशोधकांनी चार टन पालकातून चिमूटभर पदार्थ वेगळा काढला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल म्हटले. पुढे अमेरिकेतल्याच लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्या दिवसापासून मार्माइटच्या बरणीची औषध म्हणून गरज संपली. जे हवे होते, ते एका चिमुकल्या पिवळ्या गोळीत मावले.

ती गोळी नागपूरकरांना अगदी ओळखीची आहे, फक्त तिचे गोत्र ठाऊक नसते. मेडिकलच्या किंवा मेयोच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी जाऊन बघा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, कुठून कुठून आलेले आईबाप, कडेवर सिकलसेलचे लेकरू. मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये लिहिले होते. म्हणजे हा आजार इथे आहे, हे जगाला ठाऊक होऊन सहा दशके उलटून गेली. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलची पेशी विळ्यासारखी वाकते आणि दहावीस दिवसांत फुटते. तेवढ्या वेगाने नव्या पेशी घडवायच्या तर हाडांतल्या मगजाला फॉलिक आम्ल सतत लागते. म्हणून त्या लेकराच्या पुड्यात रोजची ती पिवळी गोळी असते. तिने सिकलसेल बरा होत नाही, पण रक्ताचा कारखाना कच्च्या मालावाचून अडत नाही. २०२३ च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. मोठ्या योजनेच्या मोठ्या गोष्टी होतीलच, पण ही काही पैशांची गोळी महिन्याच्या पुड्यातून कधी गायब होऊ नये, एवढे जरी कसोशीने पाळले तरी पुष्कळ झाले. (आणि सिकलसेलच्या मुलाला 'रक्त कमी आहे' म्हणून परस्पर लोहाच्या बाटल्या पाजू नयेत. लोह कमी आहे का, ते आधी तपासावे लागते.)

गरोदर बाईला लोहाबरोबर फॉलिक आम्ल असलेली लाल गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, १८० दिवस रोज एक. याच आम्लाने बाळाच्या पाठीच्या कण्याची काही जन्मजात व्यंगे टळतात, हे १९९१ साली ब्रिटनच्या वैद्यक संशोधन परिषदेच्या चाचणीत पक्के झाले. मात्र त्यासाठी ते दिवस राहण्याच्या आधीपासून पोटात जायला हवे, आणि आपल्याकडे पहिली गोळी हाती पडते तेव्हा बहुधा तिसरा महिना लागलेला असतो. लग्न ठरल्यावर पत्रिका, मुहूर्त, हॉल, सगळे बघतो. मुलीला ही गोळी सुरू करावी, हे किती घरांत सुचते?

मग यीस्टच्या बरणीचे काय? तिला मी वाईट म्हणत नाही. पेलाग्रा नावाच्या त्वचेच्या आणि मेंदूच्या रोगावर अमेरिकेत १९२० च्या दशकात डॉ. गोल्डबर्गर यांनी हेच यीस्ट वापरले आणि १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरानंतर रेडक्रॉसने ते पूरग्रस्तांत वाटले. आपल्या दख्खनमध्ये नुसत्या ज्वारीवर दिवस काढणाऱ्या गरिबांत तोच पेलाग्रा असल्याचे डॉ. गोपालन यांनी हैदराबादेत दाखवले. ज्वारीचा दोष नव्हे, भाकरीसोबत डाळ, दूध, भाजी काहीच नसण्याचा. जिथे ताट रिकामे होते, तिथे यीस्टने चमत्कार केले, ही गोष्ट खरी. पण ताट भरलेल्या घरात त्याच चमत्काराची आशा विकणे, ही फसवणूक आहे. मधुमेहाचेच घ्या. १९५० च्या दशकात उंदरांवरच्या प्रयोगांतून यीस्टमधल्या क्रोमियमने साखर आटोक्यात राहते, अशी कल्पना निघाली. त्यावर पुष्कळ काम झाले, आणि औषधाऐवजी घ्यावे असे त्यातून काही हाती लागले नाही. शिवाय ज्यांना युरिक आम्लाने सांधे धरतात, त्यांचा त्रास या भुकटीने वाढू शकतो. नैराश्यावरच्या काही जुन्या औषधांशी तर तिचे मुळीच जमत नाही. हे त्या रंगीत पत्रकात नव्हते.

आता वहिनी. वय ६३, जन्मापासून शाकाहारी, बारा वर्षे मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू. बरणी निम्मी झाली तरी थकवा होता तसाच. संक्रांतीला तिळगूळ द्यायला त्या आल्या, तेव्हा सहज बोलून गेल्या, "पायाखाली रेती असल्यासारखं वाटते, भाऊजी. चप्पल पायातून सुटली तरी समजत नाही." मी दादाला म्हटले, उद्या सकाळी रक्त द्या. अहवालात ब-१२ इतके खाली, की डॉक्टरांनी आधी आमच्याकडे आणि मग दादाकडे रागाने पाहिले.

हे ते 'बहुतेक'. साध्या ब्रूअर्स यीस्टमध्ये ब-१२ नसते. ते दुधात, अंड्यात, मांसमच्छीत असते. भाजीपाल्यात नाही. शाकाहारी माणसाला ते आधीच जेमतेम मिळते आणि मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेतले तर त्याचे शोषण आणखी घटते. खरी भीती पुढे आहे. यीस्टमधून किंवा गोळीतून फॉलिक आम्ल भरपूर मिळाले की ब-१२ च्या अभावाने बिघडलेले रक्त वरवर सुधारलेले दिसू शकते. हिमोग्लोबिन ठीक, चेहरा ठीक. आत मज्जातंतूंची झीज मात्र चालूच. विल्सबाईंनी ज्या दोन पंडुरोगांत फरक करायला शिकवले, तेच दोन आपण शंभर वर्षांनी एका बरणीत कालवून बसलो! वहिनींना इंजेक्शने सुरू झाली. रेती कमी झाली आहे, पूर्ण गेलेली नाही.

साडेआठशेची बरणी आणण्याआधी रक्ताची एक तपासणी करा, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि फॉलिक आम्लासाठी तर बरणीची गरजच नाही. पालक, मेथी, चवळी, हरभरा, तूर, भुईमूग, आपले संत्रे, सगळ्यांत ते आहे. शिजवून शिजवून त्याचा चोथा केला आणि पाणी मोरीत ओतले तर जाते. आमच्याकडे थंडीत कोवळ्या मेथीचा, हरभऱ्याच्या पाल्याचा कच्चा घोळाणा करतात, त्याला त्या हिशेबाने तोड नाही. आंबवलेली आंबील आता फक्त उन्हाळ्यात आणि तीही आजी असेल तर दिसते.

पण हे सगळे असूनही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांना पंडुरोग निघाला. त्यांतल्या सगळ्या काही उपाशी घरांतल्या नाहीत. घोळाणा होतो, पण तो आधी पुरुषांच्या, मग पोरांच्या ताटात जातो. वाढणारीच्या वाट्याला वाटीचा तळ. चाळीतल्या बायकांची ताटे बघायला ल्युसी विल्स समुद्र ओलांडून आली होती. आपण स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडत नाही. मीही त्यातलाच. वहिनींच्या ताटात दूध-दही किती असते, हे गेल्या तीस वर्षांत मी कधी पाहिले नव्हते. डॉक्टरांनी विचारले तेव्हा दादालाही सांगता आले नाही.

उरलेली अर्धी बरणी अजून ओट्यावर आहे. टाकवत नाही आणि घेववत नाही. मागच्या रविवारी जेवायला गेलो तेव्हा दादाने हट्टाने वहिनींचे पान आमच्याबरोबर मांडले. दह्याची वाटी स्वतः वाढली. त्या बसल्या. पहिला घास घेतला आणि पोळी संपली म्हणून उठल्या. "बसा तुम्ही, मी आणतो," मी म्हटले. पोळ्यांचा डबा कोणत्या फडताळात असतो, ते मला ठाऊक नव्हते.