वाळव्याचा कान

वाळवा तालुक्यातल्या आष्ट्याच्या शिवारात उसाला पाणी पाजणं हे अजूनही बऱ्याचदा रात्रीचं काम असतं. शेतीपंपाची वीज ज्या पाळीला येईल त्या पाळीला उठायचं, बॅटरी घेऊन बांधावर जायचं, दारं मोडायची आणि सरी भरेपर्यंत थांबायचं. अलीकडे या थांबण्याला सोबत मिळाली आहे. अंगरख्याच्या खिशातल्या मोबाइलवर कुणीतरी कादंबरी वाचत असतं. हात फावड्यात, पाय चिखलात आणि कान कर्णाच्या रथामागं. ज्या माणसानं शाळा सुटल्यावर पुस्तक हातात धरलं नाही, तो ‘मृत्युंजय’ संपवतो आणि शेजारच्या बांधावरच्याला सांगतो, ऐक म्हणून.

यावर शिकलेल्या माणसांची एक तक्रार ठरलेली असते. ऐकणं म्हणजे वाचण्याचा आळस, असं ते म्हणतात. ही तक्रार इतिहासाला धरून नाही, आणि निदान कृष्णाकाठानं तरी ती ऐकून घेऊ नये. या मुलखात साहित्य आधी कानानंच आलं. डोळ्यांची पाळी फार उशिरा आली.

श्रीधरस्वामी नाझरेकरांचा ‘हरिविजय’ १७०२ सालचा आणि ‘पांडवप्रताप’ १७१२ चा. छापखाने गावोगाव पोचेपर्यंत दीडशेहून जास्त वर्षं गेली. त्या सगळ्या काळात हे ग्रंथ श्रावणात देवळात एकानं वाचायचे, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा आणि गावानं ऐकायचे, अशीच त्यांची वाट होती. अभिमन्यूच्या अध्यायाला रडणाऱ्या बायाबापड्यांपैकी कितींना अक्षरओळख होती? जात्यावर तर पोथीचीही गरज नव्हती. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. आज ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ (‘परी’) या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी गाणाऱ्या बायकांच्या मूळ आवाजात ऐकता येतात. ऐकण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं, तर माझ्या यादीत पहिलं नाव या ओव्यांचं. एक ओवी दोन ओळींची. तेवढ्यात सासर, माहेर, भाऊ, पाऊस सगळं येऊन जातं.

आष्ट्यापासून वीसेक किलोमीटरवरच्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. ते नाटक म्हणून आपण साजरं करतो. पण त्याची घडण पाहिली तर गोष्टीचा कणा सूत्रधाराच्या गाण्यात होता. पदं तो म्हणायचा आणि पात्रं त्याबरहुकूम हालचाली करून आयत्या वेळी सुचेल ते बोलायची. डोळे मिटून बसलेल्यालाही कथा कळावी, अशी ती मांडणी होती. याच वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरचं कुलकर्णीपण सोडून फडावर गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांची लावणी लोकांनी आधी ऐकली, कागदावर मागाहून पाहिली. आणि याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा, असं सांगितलं जातं. पोवाडा, छक्कड, वग यांतून ते ‘फकिरा’पर्यंत आले. ही कादंबरी १९५९ ची. तिची कुठलीही चार पानं मोठ्यानं वाचून पाहावीत. वाक्यांच्या लांबीत डफाची थाप ऐकू येते.

रेडिओ आला तो या तयार कानावर आला. आपल्याकडे त्याची गोष्ट सांगताना ‘गीतरामायणा’पासून सुरुवात होते, आणि ते योग्यच आहे. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत लागलं आणि पुढं वर्षभर आठवड्याला एक अशी ५६ गीतं झाली. कल्पना सीताकांत लाडांची, शब्द ग. दि. माडगूळकर ऊर्फ गदिमांचे, चाली सुधीर फडके ऊर्फ बाबूजींच्या. गदिमा शेटफळ्याचे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातले. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकायला बसत असं जुनी माणसं सांगतात. मला त्यात भाबडेपणा दिसत नाही. पोथीचा पाट होता तिथं रेडिओ ठेवला, इतकंच झालं. आज बहुतेकांच्या कानावर आहेत ती बाबूजींच्या एकट्याच्या आवाजातली गीतं. पण मूळ मालिकेत राम, सीता, कौसल्या यांना वेगवेगळे आवाज होते. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके अशी माणसं त्यात गायली. ‘गीतरामायण’ हे आधी श्राव्यनाट्य होतं, त्याचा गीतसंग्रह मागाहून झाला. ते त्या क्रमानं, एका बैठकीत पाच-सहा गीतं असं ऐकलं तर कथेची चाल कळते.

त्याच सुमारास आणखी एक प्रयोग झाला, त्याची आठवण फार कमी जणांना आहे. १९५६ च्या सुरुवातीला युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं शेतकरी श्रोतामंडळं काढली. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. गावकऱ्यांनी एकत्र बसून तो ऐकायचा, मग त्यावर बोलायचं आणि शंका केंद्राकडे पाठवायच्या. आष्टा तेव्हा दक्षिण साताऱ्यात होतं. जिल्ह्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. म्हणजे प्रयोग आपल्या उत्तरेला झाला, दक्षिणेला झाला आणि मधला जिल्हा राहिला. ६ ऑक्टोबर १९६३ ला सांगलीत आकाशवाणी केंद्र सुरू झालं तेव्हा ती उणीव भरून निघाली. सांगली केंद्रानं या भागाला बाजारभाव आणि पीकपाणी दिलं, तसंच भागातल्या माणसांचं बोलणं रेडिओवर चालतं हा विश्वासही दिला. पुण्याच्या केंद्रात ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात व्यंकटेश माडगूळकरांनी आयुष्याची तीसेक वर्षं घातली, तीही याच विश्वासावर.

इंग्लंडमध्ये बीबीसीनं १९५१ पासून देशभर लावलेली ‘द आर्चर्स’ ही श्रुतिका अजून चालू आहे. सुरुवातीला तिचा हेतू युद्धानंतर शेतकऱ्याला नवी शेती समजावी हा होता. शेतीची माहिती गोष्टीत घातली आणि गोष्ट सत्तर वर्षांहून जास्त जगली. आपल्या मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी असेच घरोघरीचे झाले होते. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर या तिघांच्या आवाजांवर एक अख्खं मध्यमवर्गीय घर उभं राहिलं. मात्र अशा श्रुतिकांपैकी आज ऐकायला मिळतं ते फार थोडं. टेप महाग होती, जुनं पुसून त्यावर नवं भरण्याची रीत जगभरच्या केंद्रांत होती. छापलेलं पुस्तक रद्दीत गेलं तरी एखादी प्रत कुठंतरी उरते. पुसलेला आवाज मात्र कुठंच उरत नाही. नभोनाट्यांचा आपला मोठा काळ असा हातातून गेला याचं दुःख व्हायला हवं तितकं आपल्याला झालेलं नाही.

मोठ्यानं वाचलेलं पुस्तक तबकडीवर घालण्याची सुरुवात अंधांसाठी झाली. अमेरिकेत १९३४ मध्ये, ब्रिटनमध्ये १९३५ मध्ये, आणि तिथं पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेले सैनिक डोळ्यांपुढं होते. तबकडीची कॅसेट झाली, कॅसेटचा मोबाइल झाला. २०१७ च्या अखेरीला स्टोरीटेल हे श्राव्य पुस्तकांचं ॲप भारतात आलं तेव्हा मराठी पुस्तकं त्यात पहिल्यापासून होती. आता तर इतकं आहे की निवडायचं कसं हाच प्रश्न पडतो.

निवडीची माझी एकच कसोटी आहे. जे मुळात कुणाला तरी सांगितलं गेलं, ते कानाला लागतं. ‘श्यामची आई’ची प्रकरणं ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी आहेत, कारण श्याम ती आश्रमातल्या मित्रांना रात्री प्रार्थनेनंतर सांगतो. ते एका दमात ऐकू नये. रोज रात्री एक, घरातल्या पोरांना घेऊन, दिवा कमी करून ऐकावं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ही समोर बसून बोलणाऱ्या बाईची गोष्ट आहे, तिला वाचणारा आवाज ठसकेबाज हवा. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, शोण, दुर्योधन, वृषाली आणि कृष्ण आपापली बाजू स्वतः सांगतात. रात्री पाणी पाजताना ती रंगते याचं कारण हेच असावं. व्यंकटेश माडगूळकरांची माणदेशातली ‘बनगरवाडी’ औंध संस्थानातला पोरसवदा मास्तर सांगतो. माणदेश इथून जवळ, पण तिथला दुष्काळ बागायतीतल्या माणसाला ऐकूनच कळायचा. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि माडगूळकर यांनी गावोगाव केलेल्या कथाकथनांची जी ध्वनिमुद्रणं उरली आहेत ती मिळवून ऐकावीत. लेखक स्वतः कुठं थांबतो, हे तिथंच कळतं.

नव्या श्राव्यमालिकांबद्दल एक तक्रार नोंदवायला हवी. त्यांच्यात पार्श्वसंगीत फार झालं आहे. दार वाजलं की ढोल, कुणी दचकलं की झांजा. जुन्या श्रुतिका लिहिणाऱ्यांना शांततेचा उपयोग ठाऊक होता. पायरीवर एक पाऊल, मग काहीच नाही, एवढ्यावर श्रोता स्वतः घर बांधायचा. दुसरी गोष्ट भाषेची. या भागातली कथा स्टुडिओतल्या घोटीव आवाजात वाचली जाते तेव्हा संवादातलं ‘न्हवं’ आणि ‘काय करायलायस’ उसनं वाटतं. इथल्या बोलीत हेल आहे, तो कागदावर उतरत नाही. ध्वनिमुद्रणात तो उतरू शकतो, मग तिथंच तो का घालवायचा?

म्हणून आष्ट्याच्या, आणि आजूबाजूच्या गावांतल्या वाचनालयांकडे आणि शाळांकडे एक मागणी आहे. ऐकत राहा, त्याबरोबर नोंदवायलाही लागा. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं संपली की लेखन सर्वांचं होतं. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या, साने गुरुजी १९५० मध्ये. दोघांचं लेखन आज कुणीही वाचून ध्वनिमुद्रित करू शकतो. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ चं. म्हाताऱ्याशी लावलेल्या पोरीच्या लग्नाचं हे नाटक शाळेतल्या पोरापोरींनी तासाभराच्या श्रुतिकेत बसवलं तर त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ चं, १९१० मध्ये सरकारनं बंद पाडलेलं. तेही मोकळं आहे. एक बरा मायक्रोफोन, जाड चादरी लावलेली खोली आणि रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ थांबल्यावरची दोन तासांची शांतता, एवढ्यात काम सुरू होतं.

डिलन टॉमसचं ‘अंडर मिल्क वुड’ हे १९५४ मध्ये बीबीसीवर लागलेलं नभोनाट्य फक्त एका छोट्या गावाचा एक दिवस सांगतं. पहाटेच्या आधी सुरू होतं आणि रात्री संपतं, मध्ये सगळं गाव बोलून जातं. तसं आष्ट्याचं का होऊ नये? पहाटेची धार, हळद शिजवायच्या काहिलीचा आवाज, सांगलीला जाणाऱ्या एसटीची घंटी, आठवड्याच्या बाजारातला भाव, रात्री दारं मोडणारा माणूस. यातलं बरंच पुढच्या पिढीला ऐकायला मिळणार नाही, आणि बोली तर आपल्या डोळ्यांदेखत बदलते आहे.

अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ ला गेले. १ जानेवारी २०३० ला त्यांचं सगळं लेखन मोकळं होईल. त्या दिवशी ‘फकिरा’ कुणीही वाचू शकेल, मुंबईतली कंपनीसुद्धा. वाळव्याच्या हेलात ती वाचणारी माणसं आज इथं आहेत. त्यांतली काही साठीच्या पुढची आहेत. त्यांना आतापासून शोधून, मोठ्यानं वाचायला बसवायला हवं.