शेजारी घर पाडणार असेल तर

शेजाऱ्यांनी जुनं घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरवलं, की तुम्हाला ते बहुधा गवंड्याकडून कळतं. रागावू नका. त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे जा. घरातल्या बायकांनाही बरोबर न्या. दोन घरांतली ये-जा त्यांनीच टिकवलेली असते.

घर त्यांचं आहे, बांधायचा हक्कही त्यांचा. पण मधली भिंत सामाईक असेल तर ती एकट्याने पाडता येत नाही. हे कुदळ पडण्याआधीच बोलायला हवं.

आधी पायाचं विचारा. जुन्या दगड-मातीच्या भिंतीचा पाया उथळ असतो. शेजारी त्याहून खोल चर खणला, की तुमच्या पायाखालची माती सुटते. वरून पाऊस झाला तर भिंत खचते. म्हणून भिंतीलगत जेसीबी नको, हातानेच खणा, असं स्पष्ट सांगा. चर एकदम लांबच्या लांब उघडायचा नाही. थोडा खणायचा, तेवढा पाया भरून घ्यायचा, मग पुढचा.

तुमच्या तुळयांची टोकं त्या भिंतीत असतील, तर काम सुरू व्हायच्या आधी जाणत्या माणसाकडून टेकू लावून घ्या. टेकू लागले तरी त्या खोलीत मुलांना झोपवू नका.

एक गोष्ट हमखास राहून जाते. त्यांची बाजू पडली, की इतकी वर्षं झाकलेली तुमची भिंत उघडी पडते. तिला बाहेरून गिलावा नसतो. मातीची भिंत एका पावसाळ्यात फुगते, आतली कपाटं, धान्य, अंथरुणं ओली होतात. गिलावा कोण करणार, खर्च कोणाचा, पन्हाळीचं पाणी कुठे जाणार, हे आत्ताच ठरवा.

मग भिंतीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. आधीचे तडे असतील तर त्यांच्यावर आडवी प्लास्टरची पट्टी थापा, तारीख लिहा. पट्टी फुटली, तर भिंत हलते आहे. लगेच काम थांबवायला सांगा.

ठरलेलं कागदावर घ्या, दोघांनी सह्या करा, दोन साक्षीदार घ्या. कागद मागताना संकोच वाटेल, पण तो त्यांच्याही भल्याचा आहे. जुना तडा उद्या त्यांच्या माथी येणार नाही.

हद्दीवरून मतभेद असेल तर घरपट्टीच्या उताऱ्यावर विसंबू नका, तो मालकीचा पुरावा नाही. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. ‘स्वामित्व’ योजनेत तुमच्या गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल, तर सनद काढून ठेवा. वीस वर्षं विनाखंड, हक्काने घेतलेला शेजारच्या भिंतीचा आधार आणि खिडकीतला उजेड यांनाही 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने संरक्षण मिळू शकतं. खिडकी बुजणार असेल तर हे वकिलाला विचारा.

शेजारी ऐकतच नसतील, तर ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. दावा लावण्याआधी तिथे दोघांना समोर बसवून तडजोड होऊ शकते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तरी तिथे जा. स्त्रियांना तर उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज घरातल्या बाईच्या नावावर करता येत असेल तर तसाच करा.