लायसन्स परदेशी, विमान देशी!

पायलट व्हायचंय आणि त्यासाठी अमेरिका, दक्षिण आफ्रिका किंवा न्यूझीलंडला निघायच्या तयारीत आहात? मग बॅग भरण्याआधी एवढं वाचा. तिकडचं कमर्शियल पायलट लायसन्स घेऊन तुम्ही परत आलात, तरी त्यावर भारतात एअरलाइनची नोकरी मिळत नाही. ते लायसन्स आधी भारतीय करून घ्यावं लागतं. याला म्हणतात लायसन्स कन्व्हर्जन.

माझं म्हणणं सरळ आहे. परत आल्यावर पुन्हा परीक्षा घेणं चूक नाही. ती द्यावी लागणार आहे, हे पैसे भरून होईपर्यंत न सांगणं चूक आहे.

बाइकसारखं नाही ना भाऊ

वर्ध्याच्या आरटीओचं लायसन्स खिशात घालून आपण एमएच-३२ची बाइक थेट लडाखला नेतो. विमानाचं तसं नसतं. १९४४ साली शिकागोला झालेल्या करारात ठरलं की, आंतरराष्ट्रीय उड्डाण करणारं विमान ज्या देशात नोंदलेलं आहे, त्याच देशाने दिलेलं किंवा मान्य केलेलं लायसन्स पायलटकडे हवं. भारतीय विमानाच्या नोंदणी क्रमांकाची सुरुवात ‘व्हीटी’ने होते, अमेरिकन विमानाची ‘एन’ने. ‘व्हीटी’ दिसलं, की डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आलंच.

हा जाच फक्त आपल्यालाच आहे असंही नाही. ब्रिटन युरोपातून बाहेर पडलं आणि १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश लायसन्सवर युरोपीय देशांत नोंदलेली विमानं उडवता येईनात. माणूस तोच, हात तेच, फक्त कागद परका झाला.

दहा तास कमी!

परत आल्यावर काय काय करावं लागतं? डीजीसीएचे दोन पेपर द्यायचे. एक एअर रेग्युलेशन्सचा, दुसरा नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र यांचा मिळून. पास व्हायला ७० टक्के लागतात. शिवाय रेडिओवर बोलण्यासाठी आरटीआर, क्लास वन मेडिकल, उड्डाणाची चाचणी आणि तुमचं लायसन्स खरं आहे ना, याची तिकडच्या खात्याकडून खातरजमा.

खरी गंमत तासांच्या हिशोबात आहे. भारतात किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास तुम्ही स्वतः ‘पायलट इन कमांड’ असायला हवं आणि त्यातलेही १५ तास अर्जाआधीच्या सहा महिन्यांतले हवेत. अमेरिकेत एका प्रकारच्या मान्यताप्राप्त शाळेत १९० तासांवर कमर्शियल लायसन्स मिळू शकतं. म्हणजे तिकडे तुम्ही पायलट आणि इकडे दहा तास कमी! एखाद्या पेपरात अडकलात, मेडिकल लांबलं, तर सहा महिने कधी सरतात कळत नाही. मग पुन्हा तासावर विमान घ्या आणि पुन्हा पैसे मोजा.

माझ्या एका सिनिअरच्या भावाचं असंच झालं. देवळीकडचं तीन एकर शेत गहाण ठेवून तो गेला, लायसन्स घेऊन आला आणि पुढचं वर्ष पुस्तकं उघडून बसला. त्याचे बाबा रोज एकच विचारायचे, “झाला नं बाबू तू पायलट? मंग आता हे कायची परीक्षा?” त्यांना उत्तर कोण देणार? ज्या एजंटने हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार घेऊन ‘जगात कुठेही चालणारं लायसन्स’ म्हणून सांगितलं होतं, तो फोन उचलत नव्हता.

मग परीक्षाच बंद करायची?

अजिबात नाही. ॲरिझोनाच्या कोरड्या, निरभ्र आकाशात शिकलेल्या पोराला जुलैतल्या नागपूरच्या ढगांची ओळख नको का? अमेरिकेत हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, आपल्याकडे हेक्टोपास्कलमध्ये. विमान किती उंचीवर आहे हे त्याच आकड्यावर ठरतं, तिथे घोळ चालत नाही.

आणि कागद तपासायलाच हवेत. २०११ मध्ये आपल्याच देशात खोट्या गुणपत्रिका दाखवून लायसन्स मिळवलेले पायलट सापडले होते. २०२० मध्ये पाकिस्तानच्या मंत्र्यांनी ८६० पैकी २६२ पायलटांच्या लायसन्सबद्दल शंका असल्याचं संसदेत सांगितलं आणि युरोपने त्यांच्या सरकारी एअरलाइनची दारं बंद केली. मागच्या सीटवर आपली आई बसलेली असेल, तर आपल्यालाही कडक तपासणीच हवी असते.

तेव्हा भांडण परीक्षेशी नाही, लपवाछपवीशी आहे. पायलट होण्याचा खर्च ५० लाखांच्या पुढे सहज जातो. एवढ्या कर्जाला बँक तारण मागते आणि आपल्याकडे तारण म्हणजे शेत नाहीतर घर. इतका मोठा सौदा करताना कन्व्हर्जनचे पेपर, लागणारा वेळ आणि वरचा खर्च जाहिरातीत ठळक छापायची सक्ती का नको? तिकडच्या देशाकडून खातरजमा होऊन यायला मुदत का नको? आरटीआरची परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याकडे होती. भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला आणि ते काम डीजीसीएकडे गेलं. म्हणजे मनावर घेतलं तर खिडक्या कमी करता येतात.

तोवर आपण काय करायचं?

क्रम उलटा करायचा. आधी क्लास टू आणि मग क्लास वन मेडिकल करून घ्या. रंग ओळखण्यात अडचण निघाली तर ती शेत गहाण पडण्याआधी कळलेली बरी. मग डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर काढा आणि भारतीय पेपर इथेच, घरी राहून द्या. ते निघाले तरच तिकिटाचा विचार करा. शाळा निवडताना भारताचे २०० तास त्यांच्या कोर्समध्ये नियमाप्रमाणे बसतात का, हे लेखी मागा. तोंडी ‘हो जाएगा’वर विश्वास ठेवू नका.

आणि हो, जाण्याआधी जवळ बघा. गोंदियाला बिरसी विमानतळावर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे, नागपूरला फ्लाइंग क्लब आहे, अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडियाची प्रशिक्षण संस्था उभी राहते आहे. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी ‘महाज्योती’नेही पायलट प्रशिक्षणाची योजना काढली. इथे शिकलात तर कन्व्हर्जनचा प्रश्नच येत नाही.

तरीही बाहेर जायचं असेल तर बिनधास्त जा. फक्त सेमिनारमध्ये हात वर करून एक प्रश्न नक्की विचारा, “परत आल्यावर काय?” त्याचं उत्तर लेखी मिळालं नाही, तर सातबारा घरीच राहू द्या.